इन्फ्रारेड उपग्रहचित्रावर तापमानाची रंगपट्टी: कच्च्या आकड्यांपासून तयार चित्रापर्यंत

मे उजाडला की अरबी समुद्रातल्या प्रत्येक ढगपुंजक्याचं चित्र व्हॉट्सॲपवर फिरायला लागतं. मध्ये लालभडक गोळा, खाली ‘सावध राहा’ची सूचना. रंगपट्टी नाही, वेळ नाही, उपग्रहाचं नावही नाही. लाल म्हणजे किती अंश? आणि कशाचं तापमान? ढगाचं, समुद्राचं की हवेचं? हे कळल्याशिवाय त्या चित्राला नुसती भीती दाखवण्यापलीकडे उपयोग नाही.

उपग्रहाने पाठवलेल्या आकड्यांत रंग नसतोच. तो आपण भरतो. म्हणून वाचणाऱ्याला रंगावरून पुन्हा आकड्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, एवढी एकच कसोटी मी या कामाला लावतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या कसोटीसाठीच आहेत. उदाहरणाला १७ मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ घेऊ. त्या दिवशी ते मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातून वर सरकत होतं आणि रात्री दीवच्या पूर्वेला, उन्याजवळ किनाऱ्यावर आलं. डोळा स्पष्ट, भोवती अतिथंड ढगांचं कडं. रंगपट्टीचा सराव करायला याहून चांगलं चित्र शोधावं लागणार नाही.

पहिली पायरी: चित्र नको, आकडे घ्या

हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचं तयार जेपीजी उतरवून त्यावर पट्टी चिकटवू नका. त्या चित्रात रंग आधीच भरलेले असतात, दाबून साठवताना ते थोडे सांडलेलेही असतात, आणि कोणत्या तापमानाला कोणता रंग दिला हे तुम्हाला अंदाजानेच ठरवावं लागतं. मूळ आकडे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर मिळतात. नोंदणी करा, उपग्रह निवडा, तारीख द्या आणि मागणी नोंदवा.

उपग्रह कोणता? इन्सॅट-३डी २०१३ मध्ये, ३डीआर २०१६ मध्ये आणि ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला गेला. तौक्तेच्या वेळी पहिले दोन होते: ३डी ८२ अंश पूर्वेवर, ३डीआर ७४ अंश पूर्वेवर. तिघांच्याही इमेजरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या उपकरणाला, सहा चॅनल (तरंगलांबीचे पट्टे) आहेत. आपल्याला हवा तो टीआयआर-१, म्हणजे उष्णतेचं प्रारण (किरण) टिपणारा, १०.३ ते ११.३ मायक्रॉन तरंगलांबीचा. या पट्ट्यात वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक असतं, त्यामुळे मध्ये ढग नसेल तर थेट जमीन किंवा समुद्र दिसतो आणि ढग असेल तर त्याचा माथा. चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) उपग्रहाच्या बरोबर खाली ४ किमीचा असतो. पाण्याच्या वाफेचा ६.५ ते ७.१ मायक्रॉनचा चॅनल दिसायला देखणा आहे, पण तो मधल्या आणि वरच्या थरांतली वाफ दाखवतो. त्याची पट्टी वेगळी लागते. दोन्ही चॅनलना एकच पट्टी लावलेली चित्रं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

फाइल एचडीएफ-५ प्रकारची, म्हणजे आकड्यांचे तक्ते साठवणारी येते. एल-१-बी घेतलीत तर पूर्ण गोलार्ध मिळतो आणि प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश वेगळ्या तक्त्यात असतात. एल-१-सी घेतलीत तर आशियाचा भाग मर्केटर नकाशावर आधीच बसवलेला असतो. पहिल्यांदा करणाऱ्याने एल-१-सी घ्यावी. फाइलच्या नावात तारीख आणि चार आकडी वेळ असते. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे; तिच्यात साडेपाच तास मिळवा. ‘०६००’ची फाइल म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. शिवाय ही वेळ सुरुवातीची असते. पूर्ण गोलार्ध उत्तरेकडून दक्षिणेकडे टिपायला सुमारे २६ मिनिटं लागतात, त्यामुळे मुंबईचा अक्षांश त्या वेळेनंतर काही मिनिटांनी टिपलेला असतो.

दुसरी पायरी: गणनेतून तापमान

फाइल उघडली की आयएमजी-टीआयआर१ नावाच्या तक्त्यात ० ते १०२३ मधले पूर्णांक दिसतील. ही तापमानं नव्हेत, उपकरणाने केलेली मोजणी आहे. शेजारी १०२४ नोंदींचा आयएमजी-टीआयआर१-टेम्प नावाचा दुसरा तक्ता असतो. मोजणीचा आकडा हाच त्या तक्त्यातला अनुक्रमांक, आणि तिथे लिहिलेली किंमत म्हणजे केल्विनमधलं तापमान. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एचफाइव्हपाय या पॅकेजने दोन्ही तक्ते वाचायचे आणि दुसऱ्याला पहिल्याने अनुक्रमांक द्यायचा. काम एका ओळीत होतं. पहिल्या तक्त्याची पहिली मिती वेळेची असते, ती आधी काढून टाका. मग २७३.१५ वजा करा.

मोजणी वाढली म्हणजे तापमान वाढलं असं गृहीत धरू नका. तक्त्याची पहिली आणि शेवटची नोंद छापून बघा, दिशा लगेच कळते. रिकाम्या ठिपक्यांसाठी कोणता आकडा राखून ठेवला आहे तेही फाइलमधल्या माहितीत दिलेलं असतं. ते ठिपके तापमानात बदलण्याआधीच झाकून टाका. नाहीतर पृथ्वीबाहेरचं काळं अवकाशही एखाद्या तापमानाच्या रंगात रंगतं आणि किमान-कमालचे सगळे आकडे बिघडतात.

हे तापमान तेजस्विता तापमान आहे, ज्याला इंग्रजी वळणाने ब्राइटनेस टेम्परेचर म्हणतात. समोरची वस्तू आदर्श कृष्णपदार्थ आहे, म्हणजे तिच्या तापमानाला शक्य तेवढं सगळं प्रारण सोडते असं मानून, आलेल्या प्रारणावरून प्लांकच्या (तापमान आणि प्रारणाचं नातं सांगणाऱ्या) सूत्राने उलट काढलेलं. दाट ढगाच्या माथ्याला ते खऱ्या तापमानाच्या अगदी जवळ असतं. विरळ सिरस (उंचावरच्या पिसासारख्या) ढगाच्या बाबतीत मात्र खालच्या जमिनीची उष्णता ढगातून झिरपते, आणि आकडा ढगाचाही नसतो, जमिनीचाही नसतो.

जपानच्या हिमावारी-९ किंवा अमेरिकेच्या गोज मालिकेची चित्रं घेतलीत तर तयार तक्त्याऐवजी प्रारणाची किंमत आणि प्लांकच्या सूत्रासाठीचे स्थिरांक मिळतात. सॅटपाय हे पायथनचं पॅकेज हा हिशेब स्वतः करतं. इन्सॅट-३डीच्या फाइलीही ते वाचतं. जुन्या गोज उपग्रहांची ८ बिटांची चित्रं हाती आली तर त्यांची पद्धत माहीत असावी: मोजणी १७६ पर्यंत असेल तर तापमान ३३० वजा मोजणीचा निम्मा भाग, त्यापुढे ४१८ वजा मोजणी, दोन्ही केल्विनमध्ये. १७६ वर दोन्ही सूत्रं २४२ केल्विन देतात, म्हणजे सांधा जुळतो. पण उष्ण बाजूला एक पायरी अर्ध्या अंशाची आणि थंड बाजूला पूर्ण अंशाची. अशा चित्राच्या राखाडी पट्टीवर समान अंतरावर तापमानं लिहिली तर अर्धी पट्टी खोटी ठरते.

तिसरी पायरी: रंग भरण्याआधी पडताळा

याला पाच मिनिटं लागतात आणि हीच पायरी सगळे गाळतात. आधी साध्या राखाडीत चित्र काढा आणि तीन ठिकाणचे आकडे वाचा.

एक, निरभ्र समुद्र. मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. टीआयआर-१ मध्ये ते काही अंशांनी कमी दिसतं, कारण वरची दमट हवा थोडं प्रारण शोषते. २२ ते २७ दिसलं तर ठीक. ३०० च्या आसपास दिसलं तर केल्विनचं सेल्सिअस करायचं राहिलं आहे. दोन, राजस्थान किंवा अरबस्तानातली उघडी जमीन. मेच्या भर दुपारी ती ५० अंशांच्याही वर जाते. हा जमिनीच्या पृष्ठभागाचा आकडा आहे. वेधशाळा सांगते ते तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत मोजलेलं असतं. त्याच्याशी याची तुलना करू नये. दरवर्षी एप्रिलमध्ये ‘उपग्रहाने विदर्भात ५५ अंश टिपले’ अशी बातमी येते ती या दोहोंच्या गल्लतीतून. तीन, वादळाच्या मध्याभोवतीचे ढग. तिथे −७० च्या खालचे आकडे मिळायला हवेत.

हवामानाच्या चित्रांत थंड ते पांढरं आणि उष्ण ते काळं अशी प्रथा आहे, म्हणजे ढग डोळ्याला ढगांसारखे दिसतात. संगणक आपणहून उलट करतो, मोठा आकडा पांढरा. राखाडी पट्टी मुद्दाम फिरवावी लागते.

चौथी पायरी: टोकं पक्की करा

कोणतंही साधन तुम्ही न सांगता चित्रातलं किमान आणि कमाल शोधून त्यांच्यामध्ये रंग ताणतं. तापमानाच्या चित्रात हे कधीही होऊ देऊ नका. हिवाळ्यातल्या चित्रात सगळ्यात थंड ढग −३५ अंशांचा असेल तर तोच लाल होईल आणि चक्रीवादळाच्या चित्रात −८५ वाला लाल होईल. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की वाचणारा फसलाच.

आपल्या भागासाठी +५० ते −९० ही टोकं मला पुरेशी वाटतात. उन्हाळ्यातली तापलेली जमीन वरच्या टोकाबाहेर जाईल, जाऊ द्या. पट्टीच्या टोकाला बाण काढला की ‘याहून जास्त’ हे कळतं. खालच्या टोकालाही बाण ठेवा. २९ डिसेंबर २०१८ ला पश्चिम प्रशांत महासागरात, नाऊरूच्या दक्षिणेला, नोआ-२० उपग्रहाने एका ढगमाथ्याचं तेजस्विता तापमान −१११ अंश टिपलं होतं. अरबी समुद्रात तसं पाहायला मिळेल असं नाही, पण −९० हा तळ आपण आखलेला आहे, निसर्गाने नव्हे.

पाचवी पायरी: रंग कुठे बदलायचा

हा सगळ्या कामाचा गाभा. रंग बदलतो तिथे डोळ्याला रेघ दिसते, आणि रेघ दिसली की काहीतरी घडलं असं वाटतं. म्हणून रेघ जिथे अर्थ आहे तिथेच पडावी.

साध्या इंद्रधनुषी पट्टीचा दोष हाच. पिवळा भाग अकारण चमकतो, हिरव्याच्या पोटात दहा-दहा अंश दिसेनासे होतात, आणि लाल-हिरवा रंगांधळेपणा असलेल्यांना अर्धी पट्टी एकसारखी भासते. माझा कल असा: जमीन, समुद्र आणि खालचे ढग राखाडीत ठेवा, रंग फक्त उंच ढगांना द्या.

+५० ते −३०: काळ्याकडून फिक्या राखाडीकडे, सलग
−३० ते −४०: फिका निळा
−४० ते −५०: गडद निळा
−५० ते −६०: हिरवा
−६० ते −७०: पिवळा
−७० ते −८०: लाल
−८० च्या खाली: काळा

−३० च्या अलीकडे पावसाळ्यातले असंख्य साधे ढग येतात, त्यांना रंग दिला तर चित्र रांगोळी होतं. −४० च्या सुमाराला ढगातलं अतिशीतित (शून्याखालीही द्रव राहिलेलं) पाणीही गोठतं, पुढे माथा बर्फकणांचाच असतो. उष्ण कटिबंधात तपस्तब्धी, म्हणजे हवामान घडतं त्या थराचं छत, साधारण १६-१७ किमी उंचीवर असते आणि तिथलं तापमान −८० च्या आसपास. म्हणजे या पट्टीत लाल रंग हा ‘ढग जवळजवळ छताला टेकला’ असा वाचायचा, आणि लालमधले काळे ठिपके म्हणजे जोरदार ऊर्ध्वप्रवाहाने छतातून वर घुसलेले माथे. उंचीचा ढोबळ अंदाज हवा असेल तर दर किमीला ६.५ अंश घट धरा: समुद्रसपाटीला २८ अंश आणि माथा −७० म्हणजे सुमारे १५ किमी.

काळ्याबद्दल हरकत घेतली जाते, कारण तापलेली जमीनही काळीच असते. चित्रात दोन्ही शेजारी येत नाहीत, म्हणून मला ते चालतं. ज्यांना खटकतं त्यांनी −८० खाली जांभळा घ्यावा.

चक्रीवादळाची तीव्रता काढायची असेल तर मात्र स्वतःची पट्टी बाजूला ठेवा आणि बीडी पट्टी वापरा. अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात ढगांच्या आकृतीवरून वादळाची तीव्रता ठरवण्याची पद्धत बसवली, आणि आपलं हवामान खातंही टी-क्रमांक (तीव्रतेचा आकडा) त्याच पद्धतीने देतं. बीडी पट्टी पूर्ण राखाडी, पण तुकड्यातुकड्यांची आहे: +९ च्या वर मध्यम राखाडी, +९ ते −३० फिकट होत जाणारी छटा, −३१ ते −४१ गडद राखाडी, −४२ ते −५३ मध्यम, −५४ ते −६३ फिका, −६४ ते −६९ काळा, −७० ते −७५ पांढरा, −७६ ते −८० पुन्हा मध्यम राखाडी आणि −८१ पासून खाली गडद राखाडी. मध्यम राखाडी तीनदा येतो, हे लक्षात घ्या. डोळ्यातली राखाडी छटा उष्ण आहे आणि कड्यातली कमालीची थंड, हे जाणकार जागेवरून ओळखतो. बाकीच्यांना पट्टीशिवाय दोन्ही एकच वाटतील. तौक्तेचं चित्र या पट्टीत काढून बघाच. डोळा आणि भोवतीचं कडं यांच्या तापमानातला फरक किती आहे, हेच तर त्या पद्धतीत मोजलं जातं.

सहावी पायरी: पट्टी चित्रातूनच निघाली पाहिजे

पट्टी वेगळ्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये हाताने रंगवू नका. ज्या रंगनकाशाने (कोणत्या तापमानाला कोणता रंग, या यादीने) चित्र काढलं त्यातूनच ती तयार करा, म्हणजे उद्या एखादी सीमा बदललीत तर दोन्ही एकदम बदलतील. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये लिस्टेडकलरमॅपला रंगांची यादी आणि बाउंडरीनॉर्मला सीमांची यादी द्यायची. राखाडी भाग सलग दिसावा म्हणून तिथे दर दोन अंशांना सीमा ठेवा.

इथे एक खाच आहे. असमान सीमा दिल्या की मॅटप्लॉटलिबची रंगपट्टी प्रत्येक तुकडा सारख्याच लांबीचा काढते. राखाडीचे चाळीस तुकडे आणि रंगांचे सहा. पट्टी जवळजवळ सगळी राखाडी होते आणि महत्त्वाचा भाग टोकाला चेपतो. ‘स्पेसिंग’ हा पर्याय ‘प्रपोर्शनल’ करा, म्हणजे लांबी अंशांच्या प्रमाणात येते. ‘एक्स्टेंड’ पर्याय ‘बोथ’ ठेवला की दोन्ही टोकांना बाण मिळतात. झाकलेल्या ठिपक्यांना पट्टीत कुठेच नसलेला रंग द्या.

आकडे कुठे लिहायचे? रंग बदलतो त्या प्रत्येक सीमेवर, आणि राखाडीत दर वीस अंशांना. ऋणचिन्ह ठळक हवं. लहान अक्षरात ते नाहीसं होतं आणि −४० चे ४० होतात. एकक पट्टीवरच लिहा, ‘अंश सेल्सिअस’. पट्टी चित्राच्या चौकटीच्या आत, मोकळ्या समुद्रावर, मागे पांढरा पट्टा देऊन ठेवली तर पुढे पाठवणारा ती सहजासहजी कापू शकत नाही. व्हॉट्सॲपच्या जगात हा मुद्दा सौंदर्यापेक्षा मोठा आहे.

सातवी पायरी: मजकूर, आणि मराठी अक्षरांचं दुखणं

चित्रावर एवढं हवंच: उपग्रह आणि चॅनल, राशीचं नाव म्हणजे ‘तेजस्विता तापमान’, तारीख, दोन्ही वेळा, आणि आकडे कुठून घेतले. उदाहरणार्थ: ‘इन्सॅट-३डी, टीआयआर-१, तेजस्विता तापमान, १७ मे २०२१, ०६०० जागतिक वेळ, सकाळी ११:३० भारतीय वेळ, आकडे मॉसडॅक’. नुसतं ‘तापमान’ लिहिलंत तर निम्मे लोक ते हवेचं समजतील.

मॅटप्लॉटलिबमध्ये नुसता देवनागरी फाँट देऊन भागत नाही. नेहमीच्या मांडणीत ते जोडाक्षरं जुळवत नाही आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे नेण्याऐवजी उजवीकडे टाकतं. ‘तेजस्विता’चा पार चुराडा होतो. यावर सोपा उपाय: चित्र आणि पट्टीचे आकडे मॅटप्लॉटलिबमध्ये काढा, मराठी मजकूर पिलो या पायथनच्या चित्रांच्या पॅकेजमध्ये राक्म ही अक्षरमांडणी वापरून चढवा. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये नकाशा मांडत असाल तर ही अडचण येत नाही, तिथे देवनागरी नीट उमटते.

आठवी पायरी: किनारा आणि गावांची नावं

किनारपट्टी कार्टोपाय या पायथनच्या नकाशांच्या पॅकेजने चढवता येते. मात्र उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे उंच ढगाचा माथा त्याच्या खऱ्या जागेपासून उपग्रहाच्या उलट दिशेला सरकलेला दिसतो. मुंबईवर १५ किमी उंचीचा माथा ८२ अंश पूर्वेवरच्या उपग्रहाला जवळपास ७ किमी उत्तर-वायव्येकडे दिसतो, आणि ७४ अंशांवरच्याला सुमारे ६ किमी उत्तरेकडे. म्हणजे दीडेक ठिपका. जिल्ह्याच्या पातळीवर काही बिघडत नाही, पण ‘लाल ठिपका बरोबर दादरवर’ असं लिहिण्याआधी हे आठवावं. नावं चार-पाचच द्या, तीही ढगांना झाकणार नाहीत अशी.

नववी पायरी: साठवणं

पीएनजी वापरा. जेपीजीत रंगांच्या सीमांवर भलत्याच छटा उमटतात, आणि त्या छटा पट्टीत शोधूनही सापडत नाहीत. चित्र मोठं करायचं तर तापमानाच्या तक्त्याचं अंतर्वेशन करा, म्हणजे मधल्या किमती काढा, आणि मग रंग द्या. रंगवलेलं चित्र ताणलंत तर दोन रंगांच्या सीमेवर मिश्र छटा तयार होतात, आणि आपल्या पट्टीत त्यांना काहीच अर्थ नसतो. रंगवल्यानंतर ताणणं टळतच नसेल तर ‘निअरेस्ट’ (सगळ्यात जवळच्या ठिपक्याचाच रंग घेणारी) पद्धत निवडा.

पट्टी काय सांगत नाही

चित्राखाली दोन ओळी याबद्दल असाव्यात. जुलैत महाबळेश्वर, आंबोली, ताम्हिणीला कोसळणारा पाऊस बऱ्याचदा तुलनेने बुटक्या ढगांतून येतो. वारा घाट चढतो आणि ढग फार उंच न जाताच बरसतो. आपल्या पट्टीत ते ढग राखाडीत किंवा निळ्यातच राहतात. उलट मेमधल्या मराठवाडा-विदर्भाच्या वळवात माथा लाल होतो, त्याची ऐरण (ढगाचा वरचा सपाट पसरलेला भाग) शंभर किलोमीटर पसरते, आणि पाऊस मात्र तिच्या एका कोपऱ्यातच पडलेला असतो. लाल म्हणजे मुसळधार, राखाडी म्हणजे कोरडं, असं कोकणात वाचलं तर फसगत होते. हिवाळ्यातलं रात्रीचं धुकं तर या चॅनलमध्ये दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्याचा माथा आणि बाजूची जमीन जवळजवळ सारख्याच तापमानाची. त्यासाठी ३.८ ते ४ मायक्रॉनचा चॅनल आणि टीआयआर-१ यांच्यातला फरक काढतात, आणि त्या फरकाची पट्टी पुन्हा वेगळी, काही अंशांचीच.

चलचित्र करायचं असेल तर सगळ्या चित्रांना एकच पट्टी, एकच चौकट आणि प्रत्येकावर स्वतःची वेळ. एका उपग्रहाचं चित्र अर्ध्या तासाने येतं. दोन उपग्रहांची एकाआड एक गुंफली की अंतर पंधरा मिनिटांवर येतं. पण दोघांचं अंशांकन (मोजणीतून तापमान काढण्याचं प्रमाण) तंतोतंत सारखं नसतं आणि बघण्याचा कोनही वेगळा, त्यामुळे सीमेवरचे ढग लाल-पिवळे, लाल-पिवळे असे लुकलुकतात. मी अशा वेळी एकाच उपग्रहाची चित्रं घेतो आणि अर्ध्या तासाच्या उड्या चालवून घेतो.